सल्ल्याचे पैसे कोण देतं?

पत्र (संक्षिप्त): सप्रेम नमस्कार. मी बडोद्याला मांजलपूरला राहते, वय ४३. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका इंजिनिअरिंग कंपनीत सोळा वर्षं एचआरमध्ये होते. माणसं निवडली, पगाराची बोलणी केली, राजीनामे हाताळले. गेल्या वर्षी कंपनी दुसऱ्या ग्रुपनं घेतली, एचआरचं काम अहमदाबादला गेलं आणि रोजची ये-जा नको म्हणून मी बाहेर पडले. करिअर कोचिंगचा ऑनलाइन कोर्स केला, कार्डं छापली, इन्स्टाग्रामवर पेज काढलं. आठ महिने झाले. रविवारी फोन थांबत नाही. ‘जरा मुलाचा बायोडाटा बघशील का’, ‘भाच्याला मुलाखतीचं सांग ना’. मी सगळ्यांना मदत करते, काहींना नोकऱ्याही लागल्या. पण पैसे दिले फक्त दोघांनी, त्यातल्या एकानं अर्धेच. मिस्टर शाळेत शिक्षक आहेत, मुलगी अकरावीत आहे. माझ्याकडून महिन्याला निदान ३५ हजार घरात यायला हवेत. सासूबाई परवा म्हणाल्या, ‘अगं, सल्ल्याचे पैसे कोण देतं?’ ते मनाला फार लागलं. आता एक एजन्सी म्हणतेय, ६० हजार भरा, तीन महिन्यांत क्लायंट मिळवून देतो. भरू का? अल्कापुरीत छोटं ऑफिस घेतलं तर लोक गांभीर्यानं घेतील का? की हे सगळं सोडून पुन्हा नोकरी शोधू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर:

ताई, ६० हजार भरू नका. हे आधीच सांगून टाकते. एजन्सी तुम्हाला फार तर नावं आणि नंबर आणून देईल. त्या नंबरवर फोन लावल्यावर तुम्ही नक्की काय करून देणार, किती दिवसांत आणि केवढ्याला, हे तुम्हालाच सांगावं लागेल. तुमच्या पत्राची चारही पानं मी दोनदा वाचली, पण ते एक वाक्य मला कुठे सापडलं नाही. ते ठरण्याआधी जाहिरातीवर घातलेला पैसा वायाच जाणार, आणि हा पैसा तुमच्या घराच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या गरजेइतका आहे.

अल्कापुरीतलं ऑफिसही आत्ता नको. भाड्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. नोकरीत असलेला माणूस दुसरी नोकरी शोधताना लपूनछपून शोधतो. बडोदं एवढं मोठं नाही. अल्कापुरीत गाडी लावताना ऑफिसातलं कोणीतरी भेटणारच. अशा माणसाला रात्री साडेआठनंतरचा व्हिडिओ कॉल किंवा शनिवारी तुमच्या घरातली बंद दाराची खोली जास्त सोयीची. पाटी लावलेल्या ऑफिसनं तो बिचकेल.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यानं तुम्हाला वाईट वाटलं, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांनीच विचारला आहे. सल्ल्याचे पैसे खरोखरच कोणी देत नाही. आपल्याकडे सल्ला हा नात्यातला व्यवहार आहे. काकांनी द्यायचा, शेजारच्या साहेबांनी द्यायचा, आणि त्याची परतफेड दिवाळीच्या फराळाच्या डब्यानं व्हायची. बडोद्यातल्या मराठी घरांत तर हे जास्तच. आपले आजे-पणजे गायकवाडांच्या चाकरीत आले, पुढची पिढी विद्यापीठात, रिफायनरीत, खत कारखान्यात लागली. महिन्याच्या महिन्याला पगार येणार, आणि बाकी जे करायचं ते माणुसकीखातर. स्वतःच्या कामाची किंमत तोंडानं सांगायची सवय घरात कुणालाच लागली नाही. तुमची जीभ अडखळते ती म्हणून. तुमच्या कामात काही उणं आहे म्हणून नव्हे.

लोक पैसे देतात ते पुरं झालेल्या कामाचे. सीएला आपण करसल्ल्याचे म्हणून पैसे देत नाही. रिटर्न भरून पावती हातात पडते, त्याचे देतो. तुमच्या कामालाही असा आरंभ, शेवट आणि हातात पडणारी वस्तू हवी. त्यासाठी आधी माणूस ठरवा.

दहावी-बारावीच्या मुलांचे पालक पैसे देतात, हे खरं. पण ते काम निराळं आहे. त्यात कल-चाचण्या आहेत, मुलांशी बोलायचं शिक्षण लागतं, आणि तुमची सोळा वर्षं तिथे फारशी उपयोगी पडत नाहीत. ते सोडा. नुकत्याच पास झालेल्यांना गरज सगळ्यात मोठी, पण खिसा रिकामा. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका; त्यांच्यापर्यंत कॉलेजमार्फत कसं पोचायचं ते पुढे सांगते. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या बायका तुमच्याकडे ओढीनं येतील, पण ठरवायला वेळ घेतील. त्यांच्यासाठी वर्षभरानंतर सहा-सात जणींची एक बॅच करून बघा. उरतात ते आठ-पंधरा वर्षं एकाच प्रकारचं काम करून अडकलेले इंजिनिअर, सुपरवायझर, क्वालिटी आणि परचेसवाले. मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोल, पाद्रा, पार दहेजपर्यंत हे लोक पसरलेत. पगार आहे, घरकर्ज आहे, आणि बायोडाटा सहा-सात वर्षं उघडलेला नाही. हे तुमचे लोक. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सोळा वर्षं बसून तुम्ही यांनाच पाहिलं आहे.

तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत तुम्हाला स्वतःलाच दिसलेली नाही असं मला वाटतं, म्हणून जरा खोलात जाते. समजा, नंदेसरीतल्या एका केमिकल कंपनीतला मेंटेनन्स इंजिनिअर तुमच्याकडे आला. वय ३४, कायम नोकरीला चार वर्षं पाच महिने झालेले, बेसिक, म्हणजे महिन्याचा मूळ पगार, ४० हजार. दहेजहून ऑफर आली आहे, राजीनामा सोमवारी टाकतो म्हणतो. नोटीस दोन महिन्यांची. तुम्ही तारखा मोजल्याबरोबर म्हणाल, थांबा. नोटीस संपेल तेव्हा चार वर्षं सात महिने होतील. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, सलग पाच वर्षं लागतात. बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले पाच वर्षं: १,१५,३८५ रुपये. एवढे पैसे तो पाच महिन्यांसाठी सोडून चालला होता आणि त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मग तुम्ही त्याला बोलायला शिकवाल: जॉइनिंग पुढे ढकलता येतं का ते आधी विचार, नाही म्हणाले तर ही रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून माग. मिळेलच असं नाही. पण मागायची कशी आणि कोणत्या टप्प्यावर, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण असं मागणाऱ्यांना हो किंवा नाही म्हणणारी व्यक्ती तुम्हीच होता. त्याच बैठकीत तुम्ही त्याला जुना पीएफ काढू नको म्हणून बजावाल. सलग पाच वर्षांची सेवा व्हायच्या आत काढला तर कर बसतो. त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, ट्रान्सफर केला तर सेवा सलग धरली जाते.

आता त्याचा बायोडाटा उघडा. लिहिलं असेल, ‘प्लँटच्या मेंटेनन्सची सर्व जबाबदारी सांभाळली.’ असं वाक्य तुम्ही हजारदा वाचलं असेल आणि पुढचं पान उलटलं असेल. तुम्ही त्याला विचारत बसाल, कुठलं मशीन तुम्हाला रात्री झोपू देत नव्हतं? मग हळूहळू बाहेर येईल. एका पंपाचं सील दर पंधरा-वीस दिवसांनी जायचं. आधीचे लोक नुसतं सील बदलत राहिले. यानं अलाइनमेंट तपासलं, तेव्हा पाइपचा सगळा ताण पंपाच्या नोझलवर येतोय असं दिसलं. पाइपला नीट सपोर्ट दिला, अलाइनमेंट पुन्हा केलं, आणि पुढे वर्षभर सील टिकलं. एवढं मोठं काम करून हा गृहस्थ ‘सर्व जबाबदारी सांभाळली’ लिहितो! ही पंपाची हकिगत बायोडाट्यात वर आली आणि मुलाखतीत दोन मिनिटांत नीट सांगता आली, तर समोरचा प्लँट हेड खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. माणसाच्या तोंडून ती काढून घेणं हे तुमचं खरं कौशल्य. इन्स्टाग्रामवरच्या सुविचारांच्या पोस्टमध्ये ते कुठेच दिसत नाही. त्या पोस्ट बंद करा आणि अशा हकिगती, नावगाव बदलून आणि संबंधित माणसाला विचारून, लिंक्डइनवर लिहा.

तेव्हा तुमचं वाक्य काहीसं असं होईल: ‘बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत आठ-पंधरा वर्षं काम केलेल्यांना मी सहा आठवड्यांत नोकरी बदलायला तयार करते. बायोडाटा, मुलाखत, पगाराची बोलणी, राजीनामा. आठ हजार रुपये.’ चार बैठका. पहिलीत काय हवंय आणि काय शक्य आहे ते, तारखा आणि पैशांच्या हिशोबासह. दुसरीत बायोडाटा आणि लिंक्डइन. तिसरीत सरावाची मुलाखत, आणि ती खरी कठोर घ्या. चौथी ऑफर आली की, ऑफर लेटर समोर ठेवून. अर्धे पैसे आधी, अर्धे दुसऱ्या बैठकीला. ज्यानं तुम्हाला अर्धेच दिले, त्याचं असं झालं असेल की काम कुठे संपलं हे त्यालाही कळलं नाही आणि तुम्हालाही. एका कागदावर काय करणार, काय नाही करणार ते लिहून द्या. ‘नोकरी लावून देणं यात येत नाही’ हे वाक्य त्यात ठळक असू द्या.

आठ हजार जास्त वाटत असतील तर ग्रॅच्युइटीचा वरचा आकडा पुन्हा पाहा. पहिल्या चार-पाच जणांना पाच हजारांत करायला हरकत नाही, पण फुकट करू नका. फुकटात आलेला माणूस गृहपाठ करत नाही, दुसऱ्या बैठकीची वेळ तीनदा बदलतो आणि शेवटी तुमच्या कामाचा त्याला फायदाही होत नाही. हा फायदा व्हावा, असं मला पैशांइतकंच मनापासून वाटतं.

मग रविवारचे फोन. नाती तोडायची नाहीत, हे मला कळतं. मंडळात, लग्नाकार्यांत रोज समोर यायचं आहे. म्हणून असं करा. ‘जरा बायोडाटा बघशील का गं?’ असं आलं की म्हणायचं: ‘हो काका, त्याला सांगा, वीस मिनिटं फोनवर बोलू. त्याचे काही पैसे नाहीत. सगळं नीट तयार करून हवं असेल तर माझं सहा आठवड्यांचं काम असतं, आठ हजार रुपये घेते मी.’ आणि एवढं बोलून गप्प बसायचं. इथेच सगळं घसरतं. पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता पडते आणि आपण लगेच ‘म्हणजे तुमच्याकडून काय घ्यायचे’ म्हणून मोकळे होतो. ते वाक्य गिळा. काका बहुधा म्हणतील, ‘बरं बरं, विचारतो त्याला.’ दहातले आठ परत फोन करणार नाहीत, आणि ते उत्तमच आहे. तुमचा रविवार मोकळा झाला. सख्ख्या नात्यात, म्हणजे पुतण्या, भाची, बहिणीची मुलगी, इथे पैसे घेऊ नका असंच मी म्हणेन. त्याची यादी घरात बसून ठरवा, आणि ती लहान ठेवा.

पैसे देणारे मात्र या वर्तुळात सापडायचे नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की, ज्यानं नोकरीची खबर दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होतात? १९७३ साली त्यानं ते छापलं. वारंवार भेटत होते असे १७ टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून भेटणारे जवळजवळ ५६ टक्के, आणि क्वचित कधीतरी भेटणारे २८ टक्के. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. लांबची ओळख दुसऱ्याच कंपनीत, दुसऱ्याच गावात बसलेली असते. तुमच्याकडे येणाऱ्या नोकरदारांनाही हे शिकवायला लागेल. पण आधी स्वतःसाठी वापरा.

फोनमधले नंबर आणि लिंक्डइनवरची माणसं काढा: सोळा वर्षांत तुम्ही घेतलेले इंजिनिअर, कंपनी सोडून गेलेले, प्लेसमेंट कन्सल्टंट, ज्यांना तुम्ही नीट कारण सांगून नाही म्हणाला होतात तेसुद्धा. अशा वागणुकीची आठवण लोक ठेवतात. एक पथ्य मात्र पाळा. जुन्या कंपनीच्या फाइलींमधली उमेदवारांची यादी वापरायची नाही. ती तुमची नाही, आणि ज्यांनी आपले नंबर कंपनीला नोकरीसाठी दिले होते त्यांनी ते तुमच्या धंद्यासाठी दिले नव्हते. स्वतःच्या ओळखी पुष्कळ असतील.

रोज पाच जणांना, प्रत्येकाला वेगळा, मेसेज पाठवा. गुजराती माणसाला गुजरातीत, बिहार-यूपीकडच्याला हिंदीत. ‘नमस्ते भाई, मकरपुऱ्याला तुमची मुलाखत मी घेतली होती, आठवत असेल. आता मी स्वतंत्रपणे नोकरी बदलणाऱ्यांना तयार करते. तुमच्या माहितीत कोणी त्या विचारात असेल तर माझा नंबर द्याल का?’ बस. तुम्हीच या, असं त्याला म्हणायचं नाही. त्याला स्वतःला गरज असेल तर तोच म्हणेल, ‘बेन, मला स्वतःलाच बोलायचं होतं.’ बडोदा मॅनेजमेंट असोसिएशनसारख्या ठिकाणच्या व्याख्यानांना जात राहा, पुढे तिथे बोलायची संधी मागा. मराठी वाङ्मय परिषदेत किंवा मंडळात बोलावलं तर आनंदानं जा. पण धंद्याचं मोजमाप तिथल्या टाळ्यांवर करू नका.

आता पैशांचं गणित, कारण इथे तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही. ३५ हजार घरात यायचे तर फोन, इंटरनेट, जाण्या-येण्याचा खर्च धरून महिन्याला पाच माणसं लागतात. एका माणसामागे तयारीसकट दहा तास धरले तर पन्नास तास. वेळ भरपूर आहे. पण काम चांगलं झालं की तो माणूस निघून जातो. त्याला पुढची चार-पाच वर्षं तुमची गरज नाही. शिकवणीवाल्याकडे तोच मुलगा वर्षभर येतो, डॉक्टरकडे तेच घर पिढ्यान्‌पिढ्या येतं. तुम्हाला दर महिन्याला पाच नवी माणसं लागणार, वर्षाला साठ. पहिल्या वर्षी हे होणार नाही. दोन महिन्याला तीन झाली तरी चांगली सुरुवात म्हणेन. म्हणून सगळं घर या एका खांबावर उभं करू नका.

दुसरा आधार तुमच्या ओळखीच्याच गल्लीत आहे. मकरपुऱ्यात वीस-तीस कामगारांचे कितीतरी कारखाने आहेत जिथे एचआर म्हणजे मालकाचा अकाउंटंट. हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), नेमणूकपत्रं, सगळं अर्धवट. अशा दोन कारखान्यांत आठवड्यातून एकेक दिवस जाऊन दरमहा ठरावीक रक्कम घेतली, दोन्हीकडून मिळून अठरा-वीस हजार, तर घराचा निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो आणि कोचिंगच्या माणसाला तुम्ही घाबरून स्वस्तात ‘हो’ म्हणत नाही. मात्र ज्या कारखान्याकडून पैसे घेता तिथल्या माणसाला नोकरी बदलायला तयार करायचं नाही, आणि ज्या उमेदवाराकडून फी घेतली त्याला कुठे लावून कंपनीकडूनही कमिशन घ्यायचं नाही. एका वेळी एकाच बाजूचे पैसे. या शहरात अशी गोष्ट महिन्याभरात सगळीकडे होते.

कॉलेजांकडे जायचं ते जुलै-ऑगस्टच्या आधी, प्लेसमेंटचा हंगाम सुरू व्हायच्या आत. सयाजीराव विद्यापीठाचं कलाभवन आहे, वाघोडिया रस्त्यावरची खाजगी विद्यापीठं आहेत. पहिली कार्यशाळा मिळवताना ‘व्यक्तिमत्त्व विकास’ वगैरे नाव देऊ नका, ते विकणारे तिथे रांगेत उभे आहेत. ‘कारखान्यातली पहिली मुलाखत: एचआर काय विचारते आणि का’, असा अर्धा दिवस द्या. हे तुमच्याइतकं कोण सांगू शकेल? वर्क ऑर्डर लेखी घ्या, पैसे दोन-तीन महिन्यांनी येतील असं धरून चाला, टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जाईल तो रिटर्नमध्ये मागून घ्या. नुकत्याच पास झालेल्या मुलांना तुमचा उपयोग असा होईल, आणि पैसे कॉलेज देईल.

कोर्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आणखी एक महागडा कोर्स करायचा मोह होईल, म्हणून लिहिते. करिअर कोचिंगला आपल्या देशात कोणतंही सक्तीचं लायसन्स नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र जगभर मानतात. त्याला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि त्या शंभरातले ७५ तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात. म्हणजे प्रमाणपत्रासाठीसुद्धा आधी पैसे देणारी माणसंच लागणार. ती मिळवा, तास लिहून ठेवत चला, मग दोन वर्षांनी बघू.

कागदपत्रांचं थोडक्यात. सध्या तुमच्या नावानं प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा, पुरे, कंपनी काढायची गरज नाही. बँकेत वेगळं खातं उघडा आणि प्रत्येकाला पावती द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. आत्ता त्याची काळजी नको. प्रोफेशनल टॅक्सचं महापालिकेत विचारून घ्या.

एका बाबतीत मात्र फार सांभाळा. बडोद्यात परदेशाचं वेड मोठं आहे. ‘कॅनडात नोकरी लावून द्या, लाखभर देतो’ असं म्हणणारे तुमच्याकडे येतील, आणि ३५ हजारांची चणचण असताना तो लाख मोठा दिसेल. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते. ती नसताना त्या वाटेला जायचंच नाही. बायोडाटा तयार करून देणं वेगळं, नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणं वेगळं. किती घरांनी शेती नाहीतर दागिने विकून अशा दलालांना पैसे दिलेत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

आणि कधीतरी तुमच्यासमोर पन्नाशीचा एखादा माणूस बसेल, नोकरी जाऊन वर्ष झालेलं, घरी अजून सांगितलेलं नाही. बायोडाट्यावर बोलता बोलता म्हणेल, ‘आता कशासाठी जगायचं.’ त्या दिवशी बायोडाटा बाजूला ठेवा. फी विसरा. त्याच्या घरच्या कोणाला तरी त्याच्या संमतीनं फोन लावा, डॉक्टरकडे जायला सांगा, आणि टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्या. तिथे दिवसरात्र फुकट बोलता येतं. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

राहिला नोकरीचा प्रश्न. ती पुन्हा शोधण्यात लाज कसली? पुढची दिवाळी ही मुदत ठेवा. तोपर्यंत दर महिन्याअखेर मिस्टरांसोबत बसून तीनच आकडे लिहा: किती जणांना किंमत सांगितली, किती जण हो म्हणाले, किती पैसे प्रत्यक्ष खात्यात आले. किंमत सांगितलेल्यांची संख्याच कमी असेल तर मेसेज वाढवायला हवेत. किंमत पुष्कळांना सांगूनही होकार येत नसेल तर माणूस चुकीचा निवडलाय किंवा वाक्य बदलायला हवं. आणि कारखान्यांचे पैसे धरूनही दिवाळीपर्यंत महिन्याला २५ हजारांच्या पुढे गाडी जात नसेल, तर नोकरी घ्या. कोचिंग शनिवार-रविवारी चालू ठेवता येईल, वर्षाला वीस माणसं झाली तरी ते चांगलं काम आहे. फक्त नव्या कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामावर बंदीचं कलम असतं, ते सही करण्याआधी वाचा आणि शनिवारच्या कामाची लेखी परवानगी ऑफरच्या बोलण्यांतच मागून घ्या.